नव्या संगणक इमारतीच्या विजेचं नियोजन: पहिल्या बैठकीपासून पहिल्या सत्रापर्यंत

विद्यापीठात संगणकशास्त्राची नवी इमारत मंजूर झाली की पहिल्या दोन-तीन बैठकांतच विद्युत सल्लागार विचारतो, "तुमच्या विभागाचा लोड किती धरू?" सगळे एकमेकांकडे बघतात. मग कोणीतरी जुन्या इमारतीचं वीजबिल आठवून, त्यात थोडी भर घालून एक आकडा सांगतं. तो टिपला जातो, आणि ट्रान्सफॉर्मर, केबल, पॅनेल, जनित्राची खोली असं सगळं त्याच आकड्यावर उभं राहतं. ट्रान्सफॉर्मर पंचवीस-तीस वर्षं सहज चालतो, सर्व्हर मात्र चार-पाच वर्षांत बदलतो. त्या दिवशी घाईत सांगितलेल्या आकड्यावर यंत्रांच्या पाच-सहा पिढ्या काढायच्या असतात.

अशा बैठकांत मी संगणक विभागाच्या बाजूने बसलो आहे, आणि हा लेख त्याच बाजूच्या लोकांसाठी आहे: प्राध्यापक, सिस्टिम ॲडमिन, लॅबचे प्रमुख. सर्किटची रचना, केबलचा आकार, संरक्षणाचं गणित हे परवानाधारक विद्युत अभियंत्याचं काम आहे आणि त्यालाच करू द्यावं. पण त्याला लागणारी माहिती फक्त आपल्याकडे असते. ती आपण दिली नाही तर तो ऑफिसच्या इमारतीचे ठोकताळे वापरतो, आणि संगणक इमारत ऑफिससारखी वागत नाही.

१९४६ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एनियाक लोकांसमोर आला तेव्हा त्यात सुमारे अठरा हजार निर्वात नळ्या होत्या आणि तो सुमारे १५० किलोवॅट वीज घेत असे. मोठी खोली भरून टाकणारं यंत्र होतं ते. मधल्या काळात टेबलावरचे संगणक आले आणि तीच वीज शेकडो टेबलांवर विखुरली. आता जीपीयूंनी (एकाच वेळी हजारो गणितं करणाऱ्या चिप्सनी) भरलेलं, द्रवाने थंड ठेवलेलं एकच रॅक, म्हणजे सर्व्हरचं उभं कपाट, १२० किलोवॅटच्या आसपास जातं. लोड वाढतो हे खरंच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो इमारतीत जागा बदलतो. लॅबमधले डेस्कटॉप जाऊन लॅपटॉप येतात, आणि लॅबमधून कमी झालेली वीज सर्व्हर रूममध्ये दुपटीने उगवते. पुढच्या सगळ्या पायऱ्यांमागे हीच गोष्ट आहे.

पहिली पायरी: आधी मोजा

कागद घेऊन खोल्यांची यादी करायला बसू नका. आधी आत्ताच्या इमारतीत मीटर लावा.

यंत्राच्या पाठीवर ७५० वॅट लिहिलेलं असतं, ती त्याच्या पॉवर सप्लायची क्षमता. प्रत्यक्षात साधा डेस्कटॉप नुसता चालू असताना ४०-६० वॅट आणि काम करताना १००-१५० वॅट घेतो, मॉनिटर २०-४० वॅट. पाठीवरचे आकडे बेरजेला धरले तर चार-पाचपट मोठा लोड निघतो, सल्लागाराचा विश्वास उडतो आणि पुढे तो तुमच्या प्रत्येक आकड्याला मनाने कात्री लावतो. जीपीयू असलेल्या यंत्राची गोष्ट मात्र उलटी आहे. तिथे पाठीवरचा आकडा आणि खरा वापर बरेच जवळ येतात. टेबलाखालच्या यंत्रातलं एकच मोठं ग्राफिक्स कार्ड ४५० वॅट घेऊ शकतं, आणि एखादं मॉडेल ट्रेनिंगला लावलं की ते रात्रभर त्याच पातळीवर राहतं.

म्हणून प्रत्येक प्रकारचं एक-एक यंत्र प्लगच्या मीटरवर लावून दोन आकडे घ्या: मोकळं असताना आणि पूर्ण कामात. शिवाय जुन्या इमारतीच्या मुख्य पॅनेलवर नोंद ठेवणारा मीटर किमान महिनाभर बसवा, आणि त्या महिन्यात प्रकल्प सादर करायचा आठवडा येईल असं बघा. सुट्टीत घेतलेल्या मोजणीचा काही उपयोग नाही.

मग प्रत्येक वापरासाठी पाच गोष्टी लिहा: संख्या, दर यंत्रामागे मोजलेले वॅट, दिवसातून किती तास, सगळी एकाच वेळी चालतात का, आणि वीज गेली तर किती वेळ चालेल. शेवटचे दोन रकाने बहुतेक याद्यांत नसतात, आणि नियोजन त्यांच्यावरच ठरतं.

"सगळी एकाच वेळी" हा रकाना जरा समजून घेऊ. विद्युत अभियंते एकूण जोडलेल्या भाराला १ पेक्षा कमी असा एक गुणक लावतात, कारण ऑफिसमध्ये सगळे सगळं एकदम वापरत नाहीत. हे ऑफिसला बरोबर आहे. लॅबमध्ये साठ विद्यार्थी बसलेले असतात, शिक्षक म्हणतात, "आता चालवून बघा," आणि साठ यंत्रं एका मिनिटात पूर्ण कामाला लागतात. तिथे गुणक जवळजवळ १ धरावा लागतो. जीपीयूच्या क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या यंत्रांवर, रांगेत कामं उभी असतात, त्यामुळे ती यंत्रं रात्री दोन वाजताही दुपारइतकीच वीज घेतात. व्याख्यानगृह मात्र सौम्य असतं. दोनशे आसनं आणि ६५ वॅटचा चार्जर म्हटलं तर १३ किलोवॅट होतात, पण निम्म्या बॅटऱ्या भरलेल्या असतात, काहींचे चार्जर पिशवीतच असतात. मी तिथे निम्मा धरतो. कधी कमी पडलेला नाही.

एका लॅबचं गणित करून दाखवतो. साठ संगणक, मॉनिटरसकट प्रत्येकी १५० वॅट, म्हणजे ९ किलोवॅट. तिन्ही फेजवर वीस-वीस वाटले तर दर फेजला ३ किलोवॅट, २३० व्होल्टला सुमारे १३ अँपिअर. आकडा छोटा दिसतो, म्हणून कंत्राटदार दर फेजला एकच सर्किट काढून मोकळा होऊ पाहतो. तिथेच त्याला थांबवायचं. कारण चौथ्या पायरीत येईल.

दुसरी पायरी: वीज गेली तर काय थांबलं चालेल?

हा प्रश्न विभागात विचारला की सगळे म्हणतात, "काहीच थांबता कामा नये." हे उत्तर स्वीकारलं तर यूपीएसचा आकार आणि बॅटरीची खोली हाताबाहेर जाते. प्रत्येक वापराला तीन टोपल्यांपैकी एकीत टाकायला लावा.

पहिल्या टोपलीत ज्याची वीज क्षणभरही जाता कामा नये ते: नेटवर्कचा गाभा, डेटा साठवणारी यंत्रं, लॉगिनचे सर्व्हर, दारांची प्रवेश-यंत्रणा. दुसऱ्या टोपलीत ज्याला दहा-पंधरा सेकंदांचा खंड चालतो, पण तासाभराचा चालत नाही: सर्व्हर रूमचं कूलिंग, जिन्यातले आणि बोळातले दिवे, काही संशोधन उपकरणं. जनित्र सुरू होऊन भार घ्यायला साधारण एवढाच वेळ लागतो. तिसऱ्या टोपलीत वीज आली की परत सुरू होतील अशा गोष्टी: लॅबचे डेस्कटॉप, वर्गांचे एसी, आणि माझ्या मते गणन करणारे बहुतेक सर्व नोड (क्लस्टरमधली यंत्रं) सुद्धा.

या शेवटच्या वाक्यावर वाद होतो आणि तो व्हायलाच हवा. ट्रेनिंग किंवा सिम्युलेशनचा कार्यक्रम दर अर्ध्या-एक तासाने आपली स्थिती डिस्कवर उतरवून ठेवत असेल, तर वीज जाऊन फार तर तेवढंच काम वाया जातं. त्यासाठी शंभर-दोनशे किलोवॅटच्या नोडना यूपीएसचं छत्र द्यायचं, बॅटऱ्या दर चार-पाच वर्षांनी बदलायच्या, त्यांच्या खोलीलाही एसी लावायचा, हे पटत नाही. तोच पैसा साठवणुकीच्या यंत्रांचं रक्षण नीट करण्यात घाला. पण हा निर्णय संशोधकांना आधी सांगून, त्यांच्या संमतीने घ्या. वीज गेल्यावर कळवू नका.

यूपीएस नेमका कशासाठी, हेही इथे स्पष्ट होतं. संगणकाचे चांगले पॉवर सप्लाय वीज पूर्ण गेली तरी सुमारे २० मिलिसेकंद, म्हणजे ५० हर्ट्झच्या एका आवर्तनापुरती कळ काढतात. त्यापुढची फट, जनित्र भार घेईपर्यंतची, यूपीएस भरतो. जनित्र असेल तर पाच-दहा मिनिटांची बॅटरी पुरते. जनित्र नसेल तर बॅटरीची मिनिटं ही सर्व्हर नीट बंद करायला लागणारी मिनिटं असतात. ती मोजून घ्या, कारण मोठी साठवणूक-यंत्रं बंद व्हायला आपल्या कल्पनेपेक्षा जास्त वेळ घेतात.

एक सापळा आहे. सर्व्हर यूपीएसवर आणि कूलिंग साध्या विजेवर असेल तर यंत्रं जिवंत राहतात आणि खोली तापत जाते. दाट रॅकच्या खोलीत धोक्याचं तापमान यायला काही मिनिटं पुरतात. निदान थंड पाण्याचे पंप आणि हवा फिरवणारे पंखे यूपीएसवर घ्या.

तिसरी पायरी: सर्व्हर रूम, रॅक धरून

"सर्व्हर रूमला इतके किलोवॅट" असा एकच आकडा देऊ नका. रॅकमागे किती, ते सांगा. साध्या सर्व्हरचं रॅक ५ ते ८ किलोवॅटमध्ये भागतं. जीपीयूच्या रॅकला २० ते ४० लागतात. पाण्याने थंड होणारे त्याच्या वर. खोलीचा एक कोपरा दाट रॅकसाठी राखून ठेवा आणि केबलचा मार्ग, जमिनीची ताकद, पाण्याची पाइपलाइन हे सगळं त्या कोपऱ्यापर्यंत आणा.

आकड्यांचा अंदाज यावा म्हणून: २३० व्होल्ट, ३२ अँपिअरचं एक फेजचं सर्किट सुमारे ७.४ किलोवॅट देतं. ४०० व्होल्ट, ३२ अँपिअर, तीन फेज असेल तर सुमारे २२ किलोवॅट. सतत चालणाऱ्या भारासाठी ८० टक्क्यांच्या वर जाऊ नये असा संकेत आहे, म्हणजे हातात उरतात १७.७. आता आठ जीपीयूंचा एनव्हीडिया डीजीएक्स एच१०० घ्या. त्यातला एकेक जीपीयू ७०० वॅटपर्यंत जातो, आणि पूर्ण यंत्राचा कमाल वापर १०.२ किलोवॅट आहे. अशी दोन यंत्रं ठेवली की २०.४. वरचं तीन फेजचं सर्किट संपलं, आणि रॅकचा निम्म्याहून जास्त भाग अजून रिकामाच आहे. मी विभागातल्या सहकाऱ्यांना हे उदाहरण फळ्यावर लिहून दाखवतो, कारण "रॅकमध्ये जागा आहे" आणि "रॅकमध्ये वीज आहे" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्याशिवाय पटत नाही.

दोन बाजूंनी वीज देणार असाल तर ए आणि बी अशा दोन वाटा पॅनेलपासूनच वेगळ्या ठेवा. एकाच यूपीएसमधून निघून दोन वायरींनी रॅकमध्ये आलेली वीज ही दोन बाजूंची वीज होत नाही. नेहमीच्या दिवशी प्रत्येक बाजूवर क्षमतेच्या ४० टक्क्यांपर्यंतच भार हवा. एक बाजू गेली की दुसरीवर सगळा येतो आणि तो ८० टक्क्यांत बसायला हवा. हे रोजच्या वापरात निसटतं. दोन्ही बाजू ६०-६० टक्के भरलेल्या असतात, सगळं छान चाललेलं असतं, एके दिवशी ए ट्रिप होते आणि सेकंदाच्या आत बीही तिच्या मागे जाते.

जीपीयूच्या काही यंत्रांत सहा पॉवर सप्लाय असतात आणि चालायला चार लागतात. तीन ए वर, तीन बी वर लावले तर एक बाजू गेल्यावर तीनच उरतात आणि यंत्र बंद पडतं. यंत्र मागवण्याआधी पुस्तिकेतलं हे पान बघून ठेवा, आणि विद्युत अभियंत्यालाही दाखवा.

चौथी पायरी: लॅबची सर्किटं, गळती आणि न्यूट्रल

एका नव्या लॅबची गोष्ट. सत्राचा पहिला सोमवार, सकाळचं पहिलं प्रात्यक्षिक. विद्यार्थ्यांनी संगणक सुरू केले, पंधरा-वीस चालू झाले आणि "खट्ट" असा आवाज होऊन अर्धी लॅब काळी झाली. वायरमनने आरसीसीबी (अर्थिंगकडे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) परत वर केला, पुन्हा तेच. कंत्राटदाराने आरसीसीबी सदोष म्हणून बदलला, एकदा नाही, तीनदा. चौथ्या वेळी तो म्हणाला, "साहेब, हा काढूनच टाकू." मी नाही म्हटलं, आणि ते नाही म्हटल्याचं मला आजही बरं वाटतं, कारण तो आरसीसीबी विजेचा धक्का बसणाऱ्या माणसाचा जीव वाचवण्यासाठी असतो.

दोष कशातच नव्हता. संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये विद्युत गोंगाट गाळणारे कपॅसिटर असतात आणि त्यातून थोडा प्रवाह सतत अर्थिंगमध्ये जातो, यंत्रामागे साधारण एक मिलिअँपिअर. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५ ते ३० च्या मध्ये कुठेही ट्रिप होऊ शकतो, त्याला तशी मुभाच आहे. चोवीस यंत्रं एकाच आरसीसीबीवर लावली होती. ती एकेक करून सुरू होताना गळतीची बेरीज वाढत गेली आणि तो आपलं काम करून मोकळा झाला.

म्हणून साठ संगणकांच्या लॅबला तीन सर्किटं पुरत नाहीत. सहा ते आठ यंत्रांमागे एक सर्किट आणि त्याला स्वतःचा आरसीबीओ (गळती आणि जादा प्रवाह, दोन्हींवर तोडणारा स्विच), म्हणजे आठ-दहा सर्किटं. अँपिअरच्या हिशेबाने ही उधळपट्टी वाटते, पण एखादी पिन ओली झाली किंवा एखादा सप्लाय बिघडला तर आठच यंत्रं बंद होतात आणि प्रात्यक्षिक चालू राहतं. एखाद्या सर्किटची गळती १० मिलिअँपिअरच्या वर जाणार असेल तर अर्थिंगची तार जाड किंवा दुहेरी हवी, असं आयईसी ६०३६४ हे मानक सांगतं. कारण ती तार तुटली तर त्या सर्किटवरच्या सगळ्या यंत्रांची धातूची पाठ अंगाला झिणझिण्या आणू लागते.

आता न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार. शाळेत शिकतो की तिन्ही फेज सारखे भरले तर न्यूट्रलमधून काही वाहत नाही. हे गुळगुळीत तरंगासाठी खरं आहे. संगणक, एलईडी दिवे, छोटे चार्जर वीज झटक्यांनी ओढतात, त्यातून तिसरा हार्मोनिक (मूळ ५० हर्ट्झच्या तिप्पट वेगाचा तरंग) तयार होतो, आणि तिन्ही फेजचे तिसरे हार्मोनिक न्यूट्रलमध्ये एकमेकांना मारण्याऐवजी एकत्र होतात. सर्वांत वाईट स्थितीत न्यूट्रलचा प्रवाह फेजच्या १.७३ पट होऊ शकतो. नव्या मोठ्या पॉवर सप्लायमध्ये यावर उपाय केलेला असतो, पण छोट्या ॲडॉप्टरमध्ये बहुधा नसतो आणि लॅबमध्ये ते शेकड्याने असतात. न्यूट्रलला सहसा ब्रेकर नसतो, त्यामुळे जास्त प्रवाह कोणी थांबवत नाही, तार फक्त तापत राहते. जुन्या इमारतीत एकदा पॅनेल उघडलं तेव्हा न्यूट्रलच्या पट्टीपाशी काळं इन्सुलेशन तपकिरी होऊन कडक झालेलं दिसलं, फेजच्या तारा मात्र नव्यासारख्या होत्या. अर्धा न्यूट्रल, म्हणजे फेजच्या निम्म्या जाडीचा, कधीच मान्य करू नका. लॅबच्या पॅनेलना फेजपेक्षा मोठा न्यूट्रल मागा, आणि ट्रान्सफॉर्मर हार्मोनिक सहन करणारा हवा हे निविदेत लिहा. मोजताना ट्रू आरएमएस असलेलाच, म्हणजे वेड्यावाकड्या तरंगाचाही खरा प्रवाह दाखवणारा, क्लॅम्प मीटर घ्या. साधा मीटर असे तरंग कमी दाखवतो.

पाचवी पायरी: प्रत्येक वॅटची उष्णता, आणि एकूण बेरीज

संगणकात गेलेली जवळजवळ सगळी वीज खोलीत उष्णता म्हणून बाहेर येते. १०० किलोवॅटच्या खोलीला १०० किलोवॅट उष्णता काढावी लागते. एसीच्या भाषेत एक टन म्हणजे ३.५१७ किलोवॅट, तेव्हा हे २८ टनांच्या वर गेलं. सर्व्हरच्या तोंडाशी १८ ते २७ अंश सेल्सिअस हवा पुरते, अशी ॲश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेची शिफारस आहे. खोली १६ अंशांवर गोठवून ठेवण्याची जुनी सवय वीज खाते, आणखी काही देत नाही.

कूलिंगसाठी किती वीज धरायची, त्याला पीयूई हे माप आहे. ग्रीन ग्रिड या संस्थेने ते २००७ साली रूढ केलं: सर्व्हर रूमची एकूण वीज भागिले संगणकांची वीज. नीट बांधलेल्या विद्यापीठीय खोलीला १.४ धरा. हवामान आणि पद्धतीप्रमाणे ते कमी-जास्त होईल.

आता एका काल्पनिक इमारतीची बेरीज. सर्व्हर रूममध्ये संगणकांचे २०० किलोवॅट, १.४ ने गुणून २८०. सहा लॅब, ९ प्रमाणे ५४. कार्यालयं आणि संशोधकांच्या जागा २०. व्याख्यानगृहं आणि अभ्यासिका २०. उरलेल्या इमारतीचा एसी १५०, दिवे, लिफ्ट, पंप ६०. एकूण ५८४ किलोवॅट. पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेपैकी खऱ्या कामी येणारा हिस्सा) ०.९५ धरला तर ट्रान्सफॉर्मरच्या मापात ६१५ केव्हीए. १००० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर हे साठ-बासष्ट टक्क्यांवर आरामात घेतो. दुसरा आत्ता घेऊ नका, पण त्याचा चौथरा, केबलची वाट आणि मुख्य पॅनेलमधली जागा आत्ताच करून ठेवा. यूपीएसवर पहिल्या टोपलीचा आणि पंप-पंख्यांचा मिळून भार येतो, या उदाहरणात साठ-सत्तर किलोवॅट. "काहीच थांबता कामा नये" मान्य केलं असतं तर तो तीनशेच्या घरात गेला असता.

बेरीज झाली की वीजपुरवठा कंपनीकडे अर्ज लगेच टाका. ट्रान्सफॉर्मर आणि मोठी स्विचगिअर (मुख्य स्विच आणि ब्रेकर) मागणी दिल्यावर महिनोन्‌महिने येत नाहीत. मंजूर भार टप्प्याटप्प्याने वाढवता येतो का तेही विचारा, म्हणजे न वापरलेल्या भाराचे पैसे पहिल्या वर्षापासून भरावे लागत नाहीत.

सहावी पायरी: वाटा आणि जागा

हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि खर्च कमी करायची वेळ आली की कात्री नेमकी इथेच चालते. पाच वर्षांनी कोणता रॅक येईल ते कोणालाच सांगता येत नाही. पण त्याच्यासाठी केबल न्यायला वाट हवी, हे नक्की. केबल एका सुट्टीत ओढून होते. भरलेल्या इमारतीत स्लॅबला नवं भोक पाडायचं म्हटलं तर स्ट्रक्चरल अभियंत्याची परवानगी, धूळ, आवाज, बंद वर्ग असं सगळं मागे लागतं.

म्हणून वास्तुविशारदाकडे या गोष्टींचा आग्रह धरा. प्रत्येक मजल्यावर, एकावर एक येणारी विजेची खोली, आणि त्यांतून जाणारा उभा शाफ्ट. नेटवर्कच्या तारांचा शाफ्ट वेगळा. पहिल्या दिवशी केबल ट्रे निम्म्याहून कमी भरलेले. प्रत्येक पॅनेलमध्ये पाचव्या-चौथ्या हिश्श्याइतकी मोकळी घरं. मजल्यांमध्ये रिकामे पाइप, आत ओढणीची दोरी घालून आणि दोन्ही तोंडांना चिठ्ठी बांधून. सर्व्हर रूम आणि पॅनेलच्या वर स्वच्छतागृह किंवा पाण्याची टाकी येऊ देऊ नका. भरलेलं रॅक हजार किलोच्या वर जातं, शिशाच्या बॅटऱ्यांची रांग त्याहून जड, तेव्हा जमिनीची ताकद स्ट्रक्चरल अभियंत्याला आधी सांगा. ट्रान्सफॉर्मर, यूपीएस आणि जनित्र आत कुठून येणार हे विचारता, तसं पंधरा वर्षांनी बाहेर कुठून जाणार हेही विचारा. दाराची रुंदी, वळण, लिफ्टची क्षमता टेपने मोजा. बॅटरीच्या खोलीला वायुविजन लागतंच, शिशाच्या बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन सोडतात. शिवाय ती खोली २०-२५ अंशांवर ठेवा. दर दहा अंश वाढीमागे त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं.

नेटवर्कच्या छोट्या खोल्या सगळे विसरतात. आता वाय-फायचे डबे, कॅमेरे, फोन, दारांची कुलपं यांना वीज नेटवर्कच्या तारेतूनच मिळते. २००३ च्या पहिल्या मानकात एका पोर्टला १५.४ वॅट होते, २००९ ला ३० झाले, २०१८ ला ९० पर्यंत गेले. ४८ पोर्टच्या एका स्विचवर प्रत्येकी ३० वॅट धरले तर १,४४० वॅट फक्त पुढे द्यायचे. असे तीन स्विच कपाटाएवढ्या बंद खोलीत बसवले आणि तिथे ना एसी, ना यूपीएस, असं चित्र मी बऱ्याच ठिकाणी पाहिलं आहे. त्या खोलीला दोन स्वतंत्र सर्किटं, यूपीएस आणि थंड हवा द्या.

बसायच्या जागांबद्दल एकच सांगतो: जिथे विद्यार्थी बसेल तिथे हाताशी सॉकेट हवं. नसेल तर एक्स्टेंशनला एक्स्टेंशन जोडलं जातं, ते खुर्चीच्या पायाखाली येतं, आणि मग ना गळतीचा हिशेब राहतो ना आगीचा.

मोजमापाचे मीटर प्रत्येक मजल्यावर, प्रत्येक लॅबच्या पॅनेलवर आणि सर्व्हर रूमच्या दोन्ही बाजूंवर बसवून घ्या. बांधताना ते किरकोळ खर्चात होतं.

सातवी पायरी: ताबा घेण्याआधी वीज बंद करून बघा

कंत्राटदार कागदावर सह्या घेऊन जातो. सही करण्याआधी पूर्ण दिवस मागून घ्या, इमारत विद्यार्थ्यांनी भरण्याच्या आधीचा.

आधी लोड बँक, म्हणजे खोटा भार देणारी हीटरची पेटी, लावून यूपीएस आणि जनित्र पूर्ण क्षमतेवर काही तास चालवा. त्या वेळी थर्मल कॅमेऱ्याने प्रत्येक जोड बघा. सैल राहिलेला नट शेजारच्यांपेक्षा उजळ दिसतो. मग मुख्य पुरवठा खरोखर बंद करा. प्रत्येक मजल्यावर एक माणूस उभा ठेवा आणि त्याने काय गेलं, काय राहिलं, किती सेकंदांत परत आलं ते लिहावं. यूपीएसवर म्हणून दाखवलेलं सॉकेट भलत्याच पॅनेलवर जोडलेलं याच दिवशी सापडतं. त्यानंतर सर्व्हर रूमची ए बाजू बंद करा, ती चालू करून बी बंद करा.

मग वीज परत येण्याचा प्रसंग तपासा, कारण बिघाड वीज जाताना कमी आणि येताना जास्त होतात. सगळी यंत्रं एकदम सुरू झाली तर क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढला जातो आणि ब्रेकर पुन्हा पडतात. रॅकमधल्या पॉवर पट्ट्यांवर सॉकेटनिहाय उशीर ठरवता येतो. क्रम असा ठेवा: नेटवर्क, मग साठवणूक, मग लॉगिन, आणि हे तिन्ही उभे राहिले की गणनाचे नोड गटागटाने. हा क्रम छापून सर्व्हर रूमच्या दाराला आतून लावा. वीज जाईल त्या रात्री तो वाचणारा माणूस बहुधा नवा असेल आणि हातात टॉर्च असेल.

प्रत्येक ब्रेकरवर आणि प्रत्येक सॉकेटवर एकमेकांशी जुळणारे क्रमांक हवेत, आणि प्रत्यक्षात जसं बांधलं तसं दाखवणारा सिंगल लाइन डायग्राम (विजेच्या वाटा साध्या रेषांनी दाखवणारा नकाशा) मुख्य पॅनेलशेजारी हवा. निविदेतला नकाशा तिथे लावून भागवू देऊ नका. आणीबाणीत सगळं बंद करणाऱ्या बटणावर उचलायचं झाकण बसवून घ्या. ते बटण दाराशेजारी, दिव्याच्या बटणाच्या उंचीवर असेल तर कधीतरी कोणीतरी दिवा समजून दाबेलच.

पहिलं वर्ष संपलं की मीटरच्या नोंदी काढा आणि पहिल्या पायरीतल्या यादीशेजारी, त्याच कागदावर, नवा रकाना करून लिहा. लॅबचे ९ किलोवॅट कदाचित ६ निघतील, सर्व्हर रूमने अंदाज ओलांडला असेल. तो कागद विभागाच्या फायलीत ठेवा आणि एक प्रत इमारत समितीला द्या, म्हणजे पुढच्या वेळी "लोड किती धरू?" असं कोणी विचारलं तर उत्तर फायलीतून काढून देता येईल.